एका पाटीसाठी शब्दांचा शोध



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पनवेलमध्ये आमच्या वस्तीत राहणाऱ्या एका वहिनींनी मला निरोप धाडला. त्यांचे यजमान कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात माथाडी कामगार होते. आयुष्यभर पाठीवर ओझे वाहिले, पण वाचनाचा नाद काही सोडला नाही. ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींनी सर्वांसमोर सांगितले, की जेवणाचा खर्च आटोपशीर ठेवू आणि उरलेल्या पैशांतून विहाराला पुस्तकांचे एक लोखंडी कपाट देऊ. कपाटात यजमानांनी जमवलेली पुस्तके, कपाटावर एक पितळी पाटी. पाटीवर वर त्यांचे नाव आणि खाली एक बुद्धवचन. वचन कोणते, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते : 'अत्त दीप भव'.

माझ्याकडे काम एवढेच होते, की हा मजकूर कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्यायचा. जुन्या पनवेलमधला पाटी खोदणारा कारागीर अक्षरामागे पैसे घेतो आणि काही चुकले तर जबाबदारी लिहून देणाऱ्याची, असे आधीच बजावतो. पितळेवर कोरलेले अक्षर खडूसारखे पुसता येत नाही.

मी लिहायला बसलो तेव्हा वहिनींची धाकटी मुलगी शेजारी उभी होती. कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "काका, खाली सुत्ताचे नावही घालू या ना. कोणत्या सुत्तात आहे हे?"

मी पेन खाली ठेवले. तीस वर्षे मी जयंतीच्या आणि वर्षावासाच्या कार्यक्रमांत हे वचन सांगत आलो. कमानीवर पाहिले, लग्नपत्रिकेवर पाहिले, रिक्षाच्या मागेही पाहिले. पण ते कोणत्या निकायात, कोणत्या सुत्तात, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

हजार प्रती म्हणजे हजार साक्षीदार नव्हेत

रात्री मोबाईलवर शोध सुरू केला. तीन शब्द नुसते टाकले आणि गूगलने पानांचा ढीग समोर ओतला. त्यात दिव्यांची दुकाने होती, 'दीप' नावाची माणसे होती आणि भविष्य सांगणारेही होते. नुसते शब्द टाकले, की शोधयंत्र ते सुटे सुटे शोधते, त्यांच्या जवळपासचे शब्दही धरते आणि बहुतेक लोकांना काय हवे असते याचा आपल्या परीने अंदाज बांधते. बाजारात "काहीतरी भाजी द्या" म्हटल्यावर भाजीवाला जे देईल ते घ्यावे लागते, तसा हा प्रकार.

मग भाच्याने एक साधी गोष्ट शिकवली. शब्दांच्या आधी आणि शेवटी दुहेरी अवतरणचिन्ह घालायचे. भाषणातले वाक्य लिहिताना आपण घालतो ना, तेच चिन्ह. ते घातले, की शोधयंत्राला हुकूम होतो : हेच शब्द, याच क्रमाने, एकमेकांना चिकटून असतील तीच पाने दाखव. आपल्या घरात ज्यांच्या हातात मोबाईल आहे, त्या प्रत्येकाने ही खूण लक्षात ठेवावी. तिला पैसे पडत नाहीत.

यामागचे यंत्र कसे चालते तेही मला त्याच रात्री कळले. शाळेत जसा हजेरीपट असतो, तसा प्रत्येक शब्दाचा एक हजेरीपट संगणक आधीच तयार करून ठेवतो. अमुक शब्द कोणत्या पानावर आणि त्या पानावर कितव्या क्रमांकावर आला, याची नोंद त्यात असते. एक शब्द ४१ व्या क्रमांकावर आणि दुसरा लगेच ४२ व्या क्रमांकावर असेल, तर ते जोडून आले असे समजायचे. अवतरणचिन्हातला शोध म्हणजे ही क्रमांकांची पडताळणी. त्यात बुद्धिमत्ता नाही, काटेकोरपणा आहे.

तर अवतरणचिन्हे घालून शोधले. तरीही ढीग मोठाच निघाला. पण आता ढीग नीट पाहता आला. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने फुलांच्या चित्रावर छापले, चौथ्याने सकाळच्या शुभेच्छांत पाठवले. खाली सर्वत्र 'भगवान बुद्ध' एवढेच. मी पाहिलेल्या त्या पानांत एकानेही सुत्ताचे नाव दिलेले नव्हते. हजार ठिकाणी वाक्य सापडले म्हणून हजार साक्षीदार मिळाले असे होत नाही. सगळे एकाच अफवेचे भाऊबंद असू शकतात. पुराव्याला एकच साक्षीदार पुरतो, पण तो मूळचा हवा.

इगतपुरीचे काम

मूळ म्हणजे तिपिटक. ते कुठे पाहायचे? देवनागरी लिपीत संपूर्ण पाली तिपिटक भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून १९५६ पासून पुढे ४१ खंडांत छापले गेले. एखादा शब्द शोधायचा म्हणून ४१ खंड पान पान उलटणे हे कामगार माणसाचे काम नव्हे. त्याला सुटी मिळत नाही.

विद्वानांनाही ते सोपे नव्हतेच. एफ. एल. वुडवर्ड नावाचे एक इंग्रज गृहस्थ सिलोनमधल्या गॉल गावच्या महिंद कॉलेजचे प्राचार्य होते. पुढे ते ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर सफरचंदांच्या बागेत जाऊन राहिले आणि तिथे बसून त्यांनी तिपिटकातल्या शब्दांची सूची केली. कोणता शब्द कुठे कुठे आला त्याच्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या. १९५२ साली त्या सूचीचे प्रकाशन सुरू झाले आणि त्याच वर्षी वुडवर्ड वारले. संगणकाचा हजेरीपट आज जे करतो, ते या माणसाने हाताने केले. आमच्यासारख्यांपर्यंत ते महागडे खंड कधी आले नाहीत, हा भाग वेगळा.

आमच्यापर्यंत जे आले ते आमच्याच महाराष्ट्रातून आले. १९५४ ते १९५६ या काळात ब्रह्मदेशात रंगून येथे सहावी धम्मसंगीती भरली. देशोदेशीच्या भिक्खूंनी एकत्र बसून तिपिटकाचा पाठ तपासला आणि निश्चित केला. याच काळात, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या संगीतीचा ब्रह्मी लिपीतला पाठ पुढे नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत आणला, संगणकावर चढवला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीडीवर उपलब्ध करून दिला. त्यात शब्द शोधायची सोय होती. आता तो पाठ इंटरनेटवर देवनागरीत विनामूल्य वाचता येतो आणि शोधाचा प्रोग्रामही उतरवून घेता येतो. कसारा घाट चढून शिबिराला जाणारे आपले पुष्कळ उपासक आहेत, पण त्याच टेकडीवर हे काम झाले हे थोड्यांना ठाऊक असते.

भाच्याच्या लॅपटॉपवर तो प्रोग्राम घातला. दुसऱ्या दिवशी वहिनींची मुलगी आली आणि आम्ही दोघे शोधायला बसलो.

पहिल्याच पायरीला ठेच लागली. मला तपासून पाहायचे होते की यंत्र नीट चालते की नाही, म्हणून वंदनेच्या पुस्तिकेत छापलेला 'संघं' हा शब्द टाकला. तिसऱ्या सरणातला हा शब्द रोज तोंडी असतो. यंत्र म्हणाले, नाही! मुलगी हसायला लागली. मग लक्षात आले, की इगतपुरीच्या पाठात अनुस्वाराच्या जागी पूर्ण अक्षर लिहिले आहे : 'सङ्घं'. तसेच आपल्या पुस्तिकेत 'संबुद्ध' असते, तिथे 'सम्बुद्ध'. माणसाच्या कानाला दोन्ही एकच, पण यंत्राला कान नसतात. त्याला अक्षरे दिसतात आणि एक अक्षर वेगळे, तर शब्द वेगळा.

ही खोड कळल्यावर 'अत्त दीप भव' टाकले. मिळाले नाही. 'अत्तदीप भव', 'अत्तदीपो भव', 'अप्प दीपो भव' असे सगळे अवतार टाकून पाहिले. मिळाले नाहीत. खरे सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटले. मुलीचा चेहरा उतरला. आईने मनाशी धरलेले वचन खोटे निघाले, असे तिला वाटले असणार.

खरे तर आम्ही चुकीच्या रूपाने दार वाजवत होतो. वाक्य मिळाले नाही, तर वाक्यातला सर्वांत वेगळा शब्द घ्यावा आणि त्याचे शेपूट कापून शोधावे. 'भव' हा शब्द पालीत पानोपानी येतो, त्याचा उपयोग नाही. आम्ही फक्त 'अत्तदीप' एवढीच सुरुवात टाकली. आणि दार उघडले.

आनंदाला सांगितलेले शब्द

दीघनिकायात महापरिनिब्बान सुत्त आहे. तथागतांच्या अखेरच्या प्रवासाची कथा त्यात आहे. वैशालीजवळ बेलुव नावाच्या गावात शेवटचा वर्षावास चालू असता तथागत फार आजारी पडतात. दुखणे थोडे उतरते तेव्हा आनंद जवळ येऊन बसतो आणि सांगतो, की तुमचे दुखणे पाहून मला दिशाही सुचेनाशा झाल्या होत्या. आता आपल्यामागे संघाचे कसे, ही काळजी त्याच्या बोलण्यात आहे. त्याला दिलेल्या उत्तरात हे शब्द येतात. त्यांचे रूप असे : 'अत्तदीपा विहरथ'.

म्हणजे 'भव' नाही, 'विहरथ' आहे. विहरथ म्हणजे राहा, वावरा, दिवस काढा. आणि ते अनेकवचन आहे. समोर एकटा आनंद बसलेला, पण उपदेश सर्वांना : तुम्ही सगळे आपापला आधार होऊन राहा. लगेच पुढे धम्माचाही आधार सांगितला आहे. 'अत्त दीप भव' हे या उपदेशाचे मागाहून झालेले सुटसुटीत रूप आहे. ते कोणी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही. अर्थ फार दूर गेलेला नाही. पण मूळ शब्द ते नव्हेत आणि एकाला एकट्याला सांगितलेलेही नव्हेत.

'दीप' या शब्दाचीही गंमत आहे. पालीत दिवा तो दीप आणि बेट तेही दीप, कारण संस्कृतातला 'द्वीप' पालीत 'दीप' होतो. पालीतल्या जुन्या अट्ठकथांनी इथे बेट हाच अर्थ घेतला आणि याच सुत्ताच्या संस्कृत पाठात 'द्वीप' असेच आहे. पुरात सापडलेल्या माणसाला जमिनीचा उंचवटा मिळावा, तसा हा आधार. कमानीवर आपण पणती काढतो. ज्याने गाढी नदीचा पूर पाहिला आहे, त्या पनवेलकराला बेटाचा अर्थ अधिक लवकर पटेल असे मला वाटते.

आता आम्ही ज्या अवतरणचिन्हांचे एवढे कौतुक केले, त्यांनीच आम्हाला कसे फसवले ते ऐका. 'अत्तदीपा विहरथ' ही जोडी अचूक टाकली, तर दीघनिकायातलेच चक्कवत्ति-सीहनाद सुत्त सापडत नाही. संयुत्तनिकायातले अत्तदीप सुत्तही सापडत नाही. का? कारण तिथे दोन शब्दांच्या मध्ये 'भिक्खवे' अशी हाक आहे. एक शब्द ४१ व्या क्रमांकावर, दुसरा ४३ व्या. यंत्र म्हणते, जोडून नाहीत, सबब गैरहजर. एका प्रेमळ हाकेमुळे दोन सुत्ते हुकली! म्हणून अचूक शोध एकदा करावा आणि मग तोच शोध सैल करूनही करावा. तांदूळ निवडताना सूप दोनदा पाखडतात, तसे.

सैल केल्यावर आणखी जागा निघाल्या. संयुत्तनिकायात सतिपट्ठानाचा जो विभाग आहे, त्यात हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. एकदा बेलुवच्या आजारपणातच. एकदा चुन्द नावाचा श्रामणेर सारिपुत्तांचे पात्र आणि चीवर घेऊन येतो आणि ते गेल्याची बातमी सांगतो, तेव्हा. आनंद तिथेही खचलेला आहे. आणि एकदा गंगेच्या काठी, सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोघेही गेल्यानंतर, जमलेल्या भिक्खूंकडे पाहून.

मुलगी हे मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता थांबली. तिचे वडील जाऊन त्या दिवशी दोन महिने झाले होते. मी उठून चहा ठेवला.

संध्याकाळी तिने आईला हे सगळे सांगितले. वहिनी शाळेत पोषण आहार शिजवतात, शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हणजे हे मयत झालेल्या घरातल्या माणसांनाच सांगितलंय का?" मी म्हणालो, निदान दोन ठिकाणी तरी तसेच दिसते. "मग तेच घाला," त्या म्हणाल्या.

बाबासाहेबांच्या शब्दांचे काय?

या शोधाने मला स्वतःची एक जुनी चूक आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य चौकटीत छापले होते. एका वृद्ध गुरुजींनी पोस्टकार्ड पाठवून खंड आणि पान विचारले. मी उत्तर दिले नाही. ते पोस्टकार्ड अजून माझ्याजवळ आहे.

आज तसा बहाणा चालणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. वसंत मून यांनी त्यासाठी आपले आयुष्य वेचले. पेट्यांतली हस्तलिखिते, जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे यांतून त्यांनी ते उभे केले. इंग्रजी खंड पुढे केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या संकेतस्थळावरही ठेवले. मोबाईलवर खंड उतरवून घ्यावा, शोधाच्या चौकटीत शब्द टाकावेत. घटना समितीतल्या चर्चाही इंटरनेटवर आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी 'ग्रामर ऑफ अनार्की' असे शब्द वापरले. इंग्रजीत ते जसेच्या तसे शोधले, तर सरळ त्या भाषणावर जाता येते. मराठीत मात्र कोणी 'अराजकाचे व्याकरण' केले, कोणी 'अराजकतेचे', कोणी आणखी काही. म्हणून जे ज्या भाषेत बोलले गेले, ते त्याच भाषेत शोधावे. हे न कळल्याने पुष्कळांचा शोध फुकट जातो.

आणि हे आपल्या सर्वांत लाडक्या घोषणेलाही लागू आहे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे मराठी घरात कोणाला माहीत नाही? जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. तिथल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणाच्या शेवटी हा उपदेश आहे. ते भाषण १७ व्या खंडाच्या तिसऱ्या भागात वाचता येते. तिथे क्रम वेगळा आहे : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. म्हणजे शिक्षणानंतर आधी चेतवणे आणि मग संघटन. मराठीत येताना दुसरा आणि तिसरा शब्द जागा बदलून बसले. हे तीन इंग्रजी शब्द १८८० च्या दशकात इंग्लंडातल्या समाजवाद्यांच्याही घोषणेत होते. क्रम बदलल्याने अर्थ बदलतो का? माझ्या मते थोडा बदलतो. मन पेटल्याशिवाय माणसे एकत्र येत नाहीत, असे मूळ क्रमातून निघते. आमच्या कार्यकर्त्यांना दुसरा क्रम सोयीचा वाटला असेल. वाद घालायचा तर घालावा, पण मूळ पान समोर ठेवून घालावा. आणि त्याच उपदेशाला जोडून स्वतःवर विश्वास ठेवण्याचेही सांगणे आहे. ते आपल्या भिंतींवर फारसे दिसत नाही.

'वाघिणीचे दूध' हे शब्द शोधून पाहिले तेव्हा मात्र मी चकितच झालो. शिक्षणाविषयीचे ते वाक्य बाबासाहेबांच्या नावाने शाळांच्या भिंतींवर आहे. मी जिथे जिथे पाहिले तिथे तारीख नाही, गाव नाही, खंड नाही. हे दोन शब्द मात्र मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने फार आधीपासून प्रसिद्ध आहेत आणि त्यांनी ते इंग्रजी भाषेला लावले होते. चिपळूणकर १८८२ मध्ये वारले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. ज्यांच्याकडे त्या वाक्याची तारीख आणि पान असेल, त्यांनी ते आनंदाने भिंतीवर वाक्याखालीच रंगवावे. तोवर माझ्या हातून ते रंगवले जाणार नाही.

मराठी खंडांत आणि जुन्या अंकांत शोधणे अजून कठीण आहे, ते का हेही सांगून ठेवतो. 'मूकनायक' १९२० चे, 'बहिष्कृत भारत' १९२७ चे. तेव्हा 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार देऊन लिहीत. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. आजच्या 'नाही'ने कालचे 'नाहीं' सापडेलच असे नाही. दुसरे, पुष्कळ जुनी पाने म्हणजे नुसते फोटो आहेत. डोळ्यांना अक्षरे दिसतात, यंत्राला काळे डाग. तिसरे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या फाँटांत आपली पत्रके टाइप झाली, त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत इंग्रजी अक्षरे साठवलेली असत. तो मजकूर उघडता येईल, शोधता येणार नाही. आणि चौथे तर भाषेचेच : मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. 'विहार' शोधाल तर 'विहाराच्या', 'विहारात' अचूक शोधात निसटू शकतात. तिथे पुन्हा शेपूट कापायची युक्ती.

पोटापाण्यासाठीही ही विद्या उपयोगी आहे. शिष्यवृत्तीचा शासन निर्णय शोधताना आपण 'बौद्ध' टाकतो, पण समाजकल्याणाच्या कागदांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे जोडशब्द येतात. सरकारी शब्द जसाच्या तसा अवतरणचिन्हात टाका, कागद लवकर हाती लागेल.

भोगनगरात

पाटीकडे परत येतो. महापरिनिब्बान सुत्त उघडलेच होते, तर मुलीने पुढे वाचत नेले. भोगनगर नावाच्या गावी तथागत भिक्खूंना चार मोठे आधार सांगतात. त्याचा आशय आमच्या शब्दांत असा : उद्या कोणी येऊन म्हणेल, की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले, किंवा अमुक संघाकडून ऐकले, अमुक विद्वान थेरांकडून ऐकले. त्याचे म्हणणे लगेच डोक्यावर घेऊ नका आणि लगेच झिडकारूही नका. त्याचे शब्द नि अक्षरे नीट समजून घ्या, मग सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. जुळले तर स्वीकारा, न जुळले तर हे नीट ऐकले गेले नाही असे समजून सोडा.

"काका," मुलगी म्हणाली, "म्हणजे आपण काल रात्रभर हेच करत होतो की!"

मला तिच्या म्हणण्याचे नवल वाटले नाही. तो काळ लेखनाचा नव्हता. भाणक भिक्खू एकेक निकाय तोंडपाठ ठेवत आणि सगळे मिळून म्हणत, म्हणजे एकाचा शब्द घसरला तर शेजारच्याच्या कानाला तो टोचे. शब्द अचूक राखण्याची ती माणसांची सोय होती. आम्ही मोबाईलवाले त्यातले फार तर शेपूट.

दुसऱ्या दिवशी कारागिराकडे नवा कागद दिला. त्याने बोटांवर मोजले. 'अत्त दीप भव' ची सहा अक्षरे होती, 'अत्तदीपा विहरथ' ची आठ झाली. खाली लहान टाइपात 'दीघनिकाय, महापरिनिब्बान सुत्त' ही आणखी चौदा. तो म्हणाला, खालच्या ओळीचे पैसे वाचवा, ती कोण वाचतो? वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि चौदा अक्षरांचे पैसे वेगळे मोजून दिले.

कपाट आता विहारात डाव्या भिंतीला आहे. किल्ली त्या मुलीकडे असते, रविवारी सकाळी ती उघडते.